चर्चेच्या कादंबऱ्या

वामन मल्हार जोशी यांच्या कादंबऱ्यांविषयी एक वाक्य मराठी टीकेत इतके रुळले आहे की ते प्रथम कोणी उच्चारले, याची चौकशीही आता कोणी करीत नाही. त्यांच्या कादंबऱ्यांत कथानक थोडे आणि चर्चा फार, असे ते वाक्य. महाविद्यालयात मराठी घेऊन बसणारा प्रत्येक विद्यार्थी ते परीक्षेत लिहितो आणि त्याबद्दल त्याला गुणही मिळतात. माझे शिक्षण मॅट्रिकशी थांबले, म्हणून हे वाक्य माझ्या कानांवर बरेच उशिरा आले. तोवर 'रागिणी' आणि 'सुशीलेचा देव' वाचून झाल्या होत्या, आणि चर्चा असलेली कादंबरी ही कमी प्रतीची असते हे मला कोणी सांगितलेले नव्हते.

हा आक्षेप खोटा आहे, असे मला म्हणावयाचे नाही. चर्चा आहे आणि पुष्कळ आहे. 'रागिणी'ची पाने उलटताना कित्येक ठिकाणी कादंबरी उठून गेली आणि तिच्या जागी सभा भरली असे वाटते. माझे म्हणणे इतकेच, की ज्याला आपण दोष म्हणत आलो तोच या कादंबऱ्यांचा विषय आहे. जगण्याला काही अर्थ आहे काय, या प्रश्नाने पछाडलेला माणूस तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांकडे वळतो तेव्हा त्याचे नेमके काय होते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने या सभांतच बसले पाहिजे.

'रागिणी' पुस्तकरूपाने आली ती १९१५ साली. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले तेही त्याच वर्षी. दोन्ही ग्रंथकारांनी तुरुंग पाहिलेला होता. टिळकांनी आपला ग्रंथ मंडालेच्या कोठडीतच लिहिला. वामन मल्हारांना 'विश्ववृत्त' मासिकातील लेखाच्या खटल्यात, १९०८ साली, शिक्षा झाली होती. दोघांपुढचा प्रश्नही एकच म्हणता येईल: इतके सारे वाचले, इतके सारे जाणले, तर आता वागावे कसे? पण टिळकांचा ग्रंथ हा एका माणसाने शेवटापर्यंत विचार करून दिलेला निवाडा आहे. वाचकाने तो ऐकावयाचा, आणि पटला तर कामाला लागावयाचे. वामन मल्हार स्वतः तत्त्वज्ञानाचे एम. ए.; 'नीतिशास्त्रप्रवेश'सारखा शास्त्रीय ग्रंथ त्यांनी पुढे लिहिलाच. निवाडा देण्याची विद्या त्यांना येत होती. तरीही हा प्रश्न हाती आल्यावर त्यांनी निवाड्याचे आसन सोडले आणि एक दिवाणखाना सजवला. त्यात भाविक मनाची रागिणी आहे, स्त्रियांच्या हक्कांसाठी तडफेने बोलणारी उत्तरा आहे, शास्त्री आहेत, सुधारक आहेत, आणि प्रत्येकाला बोलण्याची पाळी मिळते. कादंबरीचे दुसरे नावच मुळी 'काव्यशास्त्रविनोद'. विनोद हा शब्द इथे जुन्या अर्थाने घ्यावयाचा, चार जाणत्यांनी मिळून वेळ आनंदात घालविणे, या अर्थाने.

आता या दिवाणखान्यात प्रश्न कोण विचारतो, हे पाहण्यासारखे आहे. 'रागिणी', 'नलिनी', 'आश्रमहरिणी', 'सुशीलेचा देव', 'इंदु काळे व सरला भोळे' – पाचही नावे बायकांची. मराठी कादंबरीत देव, नीती, कला, जन्माचे सार्थक या विषयांवर वाद घालण्याचा अधिकार वामन मल्हारांनी आपल्या नायिकांना दिला, आणि तोही अशा काळात की ज्या काळात पुष्कळशा घरांत बाईने वर्तमानपत्र हाती धरलेले खपत नसे. याचे कारण शोधावयास फार लांब जावे लागत नाही. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत त्यांनी कित्येक वर्षे मुलींना शिकवले. समोर बसलेली मुलगी प्रश्न विचारते आणि उद्या ती त्या उत्तरावर आपले आयुष्य बेतणार आहे, हे ज्या शिक्षकाला ठाऊक असते त्याच्या उत्तरात आपोआप एक 'पण' येतो. वामन मल्हारांच्या लेखनातला हा 'पण' प्रसिद्ध आहे. त्याला कोणी साशंकता म्हटले, कोणी समतोलपणा म्हटले. मी मास्तर आहे, आणि मला तो मास्तराचा 'पण' वाटतो.

'सुशीलेचा देव' १९३० सालची. त्याच वर्षी मडगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सुशीलेचा देव लहानपणी मूर्तीत असतो. पुढे ती वाढते, वाचते, ऐकते, दुखावली जाते, आणि प्रत्येक मुक्कामावर तिचा देव थोडा पालटतो. शेवटी तो एखाद्या उदात्त ध्येयाच्या रूपाने तिच्यापाशी उरतो. एवढेच कथासूत्र सांगितले तर ही कादंबरी म्हणजे धर्मचिंतनाच्या इतिहासाची सचित्र आवृत्ती वाटेल, आणि काही टीकाकारांना ती तशी वाटलीही. पण वाचताना अनुभव निराळा येतो. सुशीलेचा देव पालटतो तो एखाद्या ग्रंथाचे शेवटचे पान संपले म्हणून पालटत नाही. माणसांचा सहवास, त्यांच्याशी झालेला वाद, त्यांनी दिलेला आधार किंवा केलेली निराशा यांच्यातून तो हलतो. पुस्तके असतात, पण ती माणसांच्या हातांत असतात. एखादे मत तिला पटले म्हणजे ते कोणा एकाचे मत असते, आणि ते स्वीकारले की त्या माणसाशी असलेले नातेही बदलते. मत बदलण्याची किंमत नात्यात मोजावी लागते, हे ज्याने पाहिले त्याने लिहिलेली चर्चा कोरडी होऊच शकत नाही. ती लांबते, कंटाळाही आणते, पण तिच्यात कोणाचे तरी काहीतरी पणाला लागलेले असते.

ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधन' लिहून कादंबरीच्या तंत्राचा पाठ घालून दिला आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे मराठी वाचक गुंतागुंत, निरगाठ, उकल या मापांनी कादंबरी मोजू लागला. त्या मापात वामन मल्हार ढिले ठरले, यात नवल नाही. गंमत अशी की फडके स्वतः तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक. तत्त्वज्ञान वर्गात ठेवावे आणि कादंबरीत टेनिस आणावे, असा त्यांनी कामाचा व्यवस्थित वाटा केला होता. तो त्यांना लाभलाही.

पण चर्चेची ही रीत वामन मल्हारांनी विलायतेहून आणली नव्हती. आमच्या मराठवाड्याकडे पाहावे. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेने शके १११० चा मानतात. तो मराठीतला आद्य ग्रंथ की नाही यावर विद्वानांनी भांडावे, परंतु त्याची रचना गुरुशिष्यांच्या संवादाची आहे, याविषयी वाद नाही. शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी नेवाशाला गीता सांगितली तीही समोरच्या श्रोत्यांना. श्रोत्यांची मर्जी राखत, त्यांची विनवणी करीत, मधेच त्यांचा होकार घेत ती पुढे सरकते. मराठीत तत्त्वज्ञान जन्माला आले तेच मुळी कोणाला तरी सांगण्यासाठी. पुढेही ते कीर्तनातून, फडावरून, दिंडीच्या मुक्कामावरून फिरत राहिले. निजामाच्या राज्यात आमच्याकडचे शिक्षण उर्दूतून चालत असे, तेव्हा मराठी माणसाच्या विचाराला आसरा होता तो या बोलक्या परंपरेचाच. एकट्याने खोलीचे दार लावून, उशाला दिवा घेऊन जन्माचा अर्थ पुस्तकात शोधणारा माणूस हा आपल्याकडे फार नवा आहे.

तो कादंबरीत आला १९६३ साली. भालचंद्र नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून पुण्याला शिकावयास येतो, वसतिगृहात राहतो, मंडळाचा चिटणीस होतो, मेस चालवतो, कर्ज करतो, आणि शेवटी हात हलवीत गावी परत येतो. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूने त्याच्या आत जे कोसळते त्याला समजावणारा शब्द त्याला कोणाच्याच तोंडी सापडत नाही. अजिंठ्याला तो जातो आणि तिथे बुद्धापुढे त्याचा जो काय संवाद होतो तोही दगडाशीच. 'कोसला'ची थोरवी मी नाकारीत नाही. मराठी कादंबरीची भाषा तिने धुऊन काढली, आणि वामन मल्हारांच्या पात्रांची सुबक वाक्ये तिच्यानंतर वाचणे अवघड होऊन बसले, हेही खरे. परंतु दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट उठून दिसते. सुशीलेला प्रत्येक वळणावर कोणीतरी उत्तर देते, ते चुकीचे का असेना. पांडुरंगाला उत्तर देणारे कोणी नाही. बाप व्यवहार बोलतो, मित्र थट्टा करतात, प्राध्यापक टिपणे सांगतात. म्हणून तो जे बोलतो ते सारे स्वतःशी आणि वाचकाशी.

नेमाड्यांनी हे ओळखून लिहिले. त्यांच्या अनुकरणाची गोष्ट वेगळी. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या नियतकालिकांतून असे कितीतरी नायक आले की ज्यांच्या टेबलावर कामू किंवा सार्त्र पालथा पडलेला असे आणि ज्यांना चहाच्या पेल्यात शून्य दिसे. कामूने जगणे सोडावे की नाही हा तत्त्वज्ञानातला खरा प्रश्न म्हणून मांडला, तो १९४२ साली, जर्मनांनी जिंकलेल्या फ्रान्समध्ये. आमच्या नायकांनी तो उचलला आणि त्याचा पोशाख केला. यांतल्या एकाही नायकाच्या खोलीत शेजारची म्हातारी येऊन, 'काय वाचतोस रे एवढं?' असे विचारीत नाही. विचारले असते तर कादंबरीला बरे दिवस आले असते.

इथवर लिहिलेले सगळे मला पुष्कळ दिवस पुरत होते. मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यात पाचर मारली. तो विष्णुपुरीजवळच्याच एका गावात शेती करतो. लागोपाठ दोन हंगाम सोयाबीन पावसात गेले, सोसायटीचे कर्ज थकले, आणि एके दिवशी घरी येऊन त्याने विचारले की, 'सर, कशासाठी जगायचं हे सांगणारं एखादं बुक असलं तर द्या.' आमच्या भागात असा प्रश्न ऐकला की मास्तराच्या पोटात गोळा येतो. या भागातली वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला त्याचे कारण सांगावयास नको. मी त्याला 'सुशीलेचा देव' दिले, पण एका अटीवर: दर रविवारी काळेश्वराच्या घाटावर यावयाचे आणि वाचले तेवढ्यावर माझ्याशी भांडावयाचे. समोर गोदावरी बंधाऱ्याने तुंबून समुद्रासारखी पसरलेली असते. भांडावयास जागा चांगली आहे. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, 'सर, हिच्या घरात दाणे हायेत म्हून हिला देवाचं सुचायलंय.'

हा आक्षेप चर्चेच्या आक्षेपापेक्षा फार जड आहे. वामन मल्हारांचा दिवाणखाना सुखवस्तू आहे, पांढरपेशा आहे. तिथे चहा कोण आणून ठेवतो आणि त्याला जन्माच्या अर्थाविषयी काय वाटते, हे पाचही कादंबऱ्यांत कोणी विचारीत नाही. 'कोसला' आली त्याच साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला, आणि त्यातल्या माणसांना जगण्याच्या अर्थाआधी जगण्याची जागा शोधावी लागते. तेव्हा तत्त्वज्ञान हा पोट भरलेल्यांचा विनोद, असे म्हणून विषय मिटवावा काय?

मिटवता येत नाही, कारण डॉ. आंबेडकर आडवे येतात. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपले स्वतःचे मराठीतील बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर गुरुजी हे शाळामास्तर. बागेत वाचीत बसणाऱ्या या मुलाशी त्यांची ओळख झालेली होती. त्या दिवसापासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेपर्यंत एकोणपन्नास वर्षे जातात, आणि 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध होतो. दरम्यान त्यांनी न्यूयॉर्क, लंडनच्या ग्रंथालयांत काय काय वाचले त्याची मोजदाद करणे कठीण. पण त्या वाचनाला पहिल्या पानापासून देणाऱ्याचा हात होता आणि शेवटच्या पानापर्यंत वाट पाहणारे लोक होते. आपण जे मत स्वीकारू त्यावर लाखो माणसे उद्या आपले घर बांधणार आहेत, हे ठाऊक असलेला वाचक ग्रंथाला निराळेच प्रश्न विचारतो. दाणे नसलेल्या घरातून आलेल्या माणसाने तत्त्वज्ञान वाचून काय केले, याचे याहून मोठे उदाहरण मराठी मुलखात नाही. माझ्या विद्यार्थ्याला मी हे सांगितले. त्याने मान हलवली, आणि सुशीलेवरचा आक्षेप मागे घेतला नाही. घेऊही नये.

दुसरे उदाहरण खानदेशातले. अमळनेरला प्रतापशेटांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. नुसते वाचावे, मनन करावे, लिहावे यासाठी तिथे तरुण अभ्यासकांची सोय होती. साने गुरुजी तिथे राहिले. त्यांच्यासारख्या वृत्तीच्या माणसाला हा स्वर्ग वाटावयास हवा होता. १९२४ साली ते ती शांतता सोडून त्याच गावच्या शाळेत मास्तर झाले आणि वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणे आवरू लागले. मंदिरातून शाळेपर्यंतचे ते काही फर्लांगांचे अंतर मला मराठी विचाराच्या इतिहासातले मोठे अंतर वाटते. पण माझ्या प्रतिपादनाला सोयीचे तेवढेच सांगून मी थांबलो तर ते लबाडीचे होईल. ज्यांच्याभोवती मुलांचा, कार्यकर्त्यांचा, वाचकांचा एवढा गोतावळा होता त्या गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपल्या आयुष्याचा शेवट केला. समोर माणसे असली म्हणजे प्रश्न सुटतो असे कोणी म्हणू लागला, तर ही तारीख त्याला थांबवते. मलाही थांबवते. तिचा अर्थ लावण्याचा उद्योग मी करणार नाही. तो पुष्कळांनी केला, आणि त्यात गुरुजींपेक्षा लावणाऱ्याचेच दर्शन अधिक झाले.

नांदेडपुरते बोलावयाचे तर नरहर कुरुंदकरांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मी त्यांना पाहिलेले नाही. १० फेब्रुवारी १९८२ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत एका कार्यक्रमात व्यासपीठावरच ते गेले, तेव्हा त्यांचे वय पन्नासही नव्हते आणि माझी पिढी जेमतेम पाळण्यात होती. पण इथल्या वडीलधाऱ्या माणसांशी बोलू लागले की पाचव्या वाक्याला 'गुरुजी' येतातच. ते आधी शाळेत शिक्षक होते. पदव्या त्यांना उशिरा मिळाल्या, पीपल्स कॉलेजातले प्राध्यापकपद आणि प्राचार्यपद त्याहून पुढचे. मनुस्मृतीपासून रिचर्ड्सच्या कलामीमांसेपर्यंत त्यांनी वाचले ते स्वतःच्या बळावर. मराठी कादंबरीवरचे त्यांचे 'धार आणि काठ' अजूनही माझ्या टेबलावर असते आणि त्यातल्या पुष्कळ मतांशी माझे पटत नाही. पण त्यांच्या गद्याची वीण पाहावी. आधी समोरच्याचे म्हणणे त्याच्याहून चांगल्या रीतीने मांडावयाचे, मग ते एकेक धागा करून उसवावयाचे. हे गद्य लिहिलेले असले तरी बोलणाऱ्याचे आहे. देव न मानणारा हा माणूस आयुष्यभर श्रद्धाळू माणसांशी बोलत राहिला. पाठ फिरवून बसला नाही. वामन मल्हारांच्या दिवाणखान्याचे दार त्यांनी गोदाकाठी, शेतकऱ्याच्या आणि कारकुनाच्या मुलांसाठी उघडे टाकले, असे म्हटले तर ते दोघांनाही अन्यायाचे होणार नाही.

आता 'सुशीलेचा देव'विषयी माझी एक तक्रार. शेवट फार नीटनेटका आहे. सुशीलेला एक देव मिळतो, तो निर्मळ आहे, उदात्त आहे, आणि त्याच्याशी भांडण उरत नाही. एवढी पाने वाद घालीत आलेल्या बाईला लेखकाने शेवटी मौनात बसवले. चार वर्षांनी, १९३४ साली, त्यांनी 'इंदु काळे व सरला भोळे' लिहिली तेव्हा ही उणीव त्यांच्या ध्यानात आली असावी, असा माझा तर्क आहे. ही कादंबरी सारी पत्रांची. कला मोठी की नीती, प्रेम मोठे की कर्तव्य, हे प्रश्न इथेही आहेत, पण निवेदक म्हणून मधे उभा राहणारा लेखक नाहीसा झाला आहे. प्रत्येक मत कोणीतरी, कोणा एकाला, एका विशिष्ट दिवशी लिहिलेले आहे. पत्र लिहिणारा उत्तराची वाट पाहतो, आणि उत्तर येईपर्यंत त्याचे मत पक्के झालेले नसते. तंत्राच्या मापानेही ही त्यांची सर्वांत सुघड कादंबरी आहे, हे फडक्यांच्या पक्षालाही मान्य करावे लागेल. चर्चा इथे आहे तेवढीच आहे. फक्त तिला पत्ता मिळाला आहे.

माझा विद्यार्थी सध्या तीच वाचतो आहे. या हंगामात त्याचे सोयाबीन बरे आले. त्याचा आणि वामन मल्हारांचा काही संबंध नाही. त्याला सरलेची बाजू पटते, मला इंदूची. गेल्या रविवारी अंधार पडेपर्यंत आम्ही घाटावर होतो, आणि बिंदुमाधवाविषयी तो जे बोलला ते मला अजून मान्य नाही.